गाभा कोसळल्यावर काय चालवावं

तिकीट-यंत्रांचा गाभा, म्हणजे ज्याला कर्नल म्हणतात तो, कोसळला की त्या शेवटच्या क्षणी कोणता कोड चालवावा, हे ठरवायला बैठक बोलावली होती. अध्यक्षपदी अर्थातच गुरुजी. कंपनीतले सगळ्यात जुने अभियंते. यंत्रातला छपाईचा ड्रायव्हर, म्हणजे यंत्राकडून तिकीट छापून घेणारा प्रोग्रॅम, त्यांनी ऐन उमेदीत एकहाती लिहिला होता आणि तेवढ्यावर त्यांची पुढची सगळी भाषणं निभावली होती.

चाचणी विभागाच्या बाईंचं म्हणणं साधं होतं. कोसळताना मेमरीत जे असेल ते डिस्कवर उतरवून घ्यायचं आणि गप्प बसायचं. कोणाच्या कोडने घात केला ते मागाहून वाचता येईल. घात कोणाचा कोड करणार हे गुरुजींना ठाऊक होतं. घरी दार लावून त्यांनी आपलाच ड्रायव्हर वाचला होता, आपलीच चूक पाहिली होती आणि फाइल गुपचूप बंद केली होती. दुरुस्त करावी, तर बदल चारचौघांना दिसला असता.

"वाचू की," ते मायेने म्हणाले, "पण आधी सगळ्यांचं ऐकून घेऊ."

ऐकण्यासारखं बरंच होतं. विक्रीवाल्यांना पडद्यावर हसरा चेहरा हवा होता. वकीलसाहेबांना चेहरा चालणार होता, पण हसण्यातून कबुली ध्वनित व्हायला नको होती. मालकांच्या मेहुण्याला मंद संगीत हवं होतं. का, ते विचारायची कोणाची छाती नव्हती. बाई कळवळून सांगत होत्या की मरणाऱ्या यंत्राकडून जेमतेम एक काम होतं, त्याला गायला लावू नका.

शेवटी गुरुजींनी तोडगा काढला: काहीच नको, यंत्र ताबडतोब पुन्हा सुरू व्हावं. आपलं नाही तरी दुसऱ्याचंही ऐकलं गेलं नाही, या समाधानात सगळे उठले.

मग यंत्रं कोसळली. ताबडतोब सुरू झाली, अर्धवट लटकलेलं तिकीट पाहून ड्रायव्हर पुन्हा गडबडला, पुन्हा कोसळली. स्थानकातली रांग दिवसभर पडद्यांची उघडझाप बघत उभी. मेमरीतला पुरावा दर खेपेला पुसला जात होता. चौकशी गुरुजींकडेच आली. त्यांनी गंभीर चेहऱ्याने सुटे भाग उलटेपालटे करून पाहिले आणि दोष हार्डवेअरचा ठरवला. मालकांनी यंत्रं भंगारात काढली, नवी मागवली, वर गुरुजींचा सत्कार केला.

नवी यंत्रं आली तशा बाई गुरुजींच्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"गुरुजी, छपाईचा ड्रायव्हर जुनाच टाकू ना? त्याच्यात तर काही खोट निघाली नाही."

नको म्हणावं, तर का ते सांगावं लागणार होतं. बाई शांतपणे, जरा जास्तच शांतपणे, बघत होत्या. गुरुजींनी चष्मा पुसला.

"टाका की," ते म्हणाले. "न टाकायला काय झालंय?"