हौसाचा उजवा डोळा

डॉक्टर पाध्यांनी जाड भिंगाचा चष्मा हौसाच्या नाकावर बसवला आणि तिच्या डाव्या डोळ्यावर हात धरला.

“आता समोर बघा. कोण दिसतंय?”

समोर तिचा नवरा महिपत बसला होता. मोतीबिंदू वाढल्यापासून, गेली चार-पाच वर्षं, हौसा त्याला आवाजावरूनच ओळखत होती. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन दीड महिना झाला होता. आज चष्म्यासाठी दोघं संगमेश्वराहून पहाटेच्या एस्टीने रत्नागिरीला आली होती. महिपतने ठेवणीतला सदरा घातला होता.

“सदरा दिसतो,” हौसा म्हणाली. “हात दिसतात. तोंडाच्या जागी काजळी हाय.”

डॉक्टरांनी भिंग पुसून पुन्हा बसवलं. काजळी हलली नाही. मग खिडकी लावून त्यांनी हातातल्या बारीक दिव्याने डोळ्याच्या आत बराच वेळ पाहिलं. गेल्या ग्रहणात उघड्या डोळ्यांनी सूर्य बघितलेली तीन माणसं त्यांच्याकडे आली होती. त्यांच्या डोळ्यातल्या पडद्यावर मधोमध असाच डाग होता. हौसाने सूर्य बघितला नव्हता. तिच्या डोळ्यावर होता तो डॉक्टरांच्याच ऑपरेशनच्या टेबलावरचा दिवा.

ते खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.

“हौसाबाई, त्या दिवशी टाका तुटला. अर्ध्या तासाचं काम सव्वा तास चाललं. दिवा नवा होता, फार प्रखर. मधे मधे तो झाकायला हवा होता. मला सुचलं नाही. आतला पडदा त्यानेच भाजला असावा. थोडंफार सुधारेल. कदाचित नाहीही सुधारणार.”

महिपत उठला. रागावला की त्याला फार बोलता येत नसे. टोपी उचलून तो दाराकडे निघाला.

“चल गो. दुसरा डोळा मुंबईत करू.”

“मुंबईसाठी चिठ्ठी मी देतो,” डॉक्टर खाली बघत म्हणाले.

हौसा जागची उठली नाही.

“पुढल्या टायमाला दिवा झाकाल ना?”

डॉक्टरांनी मान वर केली.

“झाकेन.”

“मग मुंबईच्या माणसाला ते पहिल्यापासून कोण सांगत बसणार? दुसरा पण तुमीच करा.”

महिपत दारातच थांबला. वळून बघतो तर हौसाने मान भिंतीकडे फिरवलेली. ती रडते आहे असं वाटून त्याचा राग निवळला.

“तिकडं काय बघतेस? माझ्याकडं बघ.”

“तुमच्याकडंच बघते.” तिने मान आणखी जराशी वळवली. “सरळ बघितलं की तुमी जाता. असं बाजूला बघितलं की दिसता.”

तो तिच्याकडे यायला निघाला.

“हलू नका,” हौसा म्हणाली. “मिशी पांढरी झाली की हो तुमची.”

टोपी हातात धरून महिपत होता तिथेच उभा राहिला.