आवाजाचं माप

मित्रांनो, मी एक जुना मॉनिटर कंट्रोलर आहे. नाव ऐकून दचकू नका. हुद्दा मोठा असला तरी मी जेमतेम जेवणाच्या डब्याएवढा आहे. संगणकातून निघालेला आवाज माझ्या पोटातून दोन स्पीकरांकडे जातो, आणि तो किती मोठा जावा हे माझ्या डोक्यावरचा नॉब ठरवतो. एवढंच माझं आयुष्य. बऱ्याच मोठ्या माणसांचंही याहून फार जास्त नसतं.

माझा जन्म एका लांब, पांढऱ्या टेबलावर झाला. ज्या बाईंनी मला जोडलं, त्यांनी शेवटी माझा नॉब सावकाश फिरवून पाहिला आणि डोळे मिटून ऐकलं. खरखर नाही, गुणगुण नाही, काहीच नाही. त्या हसल्या. माझं पहिलं कौतुक मी गप्प बसल्याबद्दल झालं.

ज्या घरात मी आलो तिथे जादा खोली एक होती आणि दावेदार दोन. तो लहान मुलांच्या गोष्टी ध्वनिमुद्रित करायचा आणि ती, म्हणजे त्याची बायको, कपडे शिवायची. शेवटी वाटणी झाली. खिडकी तिला, भिंत त्याला. तिच्या कापडाच्या गठ्ठ्यांमुळे खोली घुमत नाही, असं त्याचं मत होतं. तो बोलायचा थांबला तर आणखी कमी घुमेल, असं तिचं.

माझी मांडणी दोघांनी मिळून केली. डावा स्पीकर, उजवा स्पीकर आणि ऐकणाऱ्याचं डोकं, या तिघांमधलं अंतर सारखं हवं होतं. ती गळ्यातली टेप घेऊन पुढे झाली.

"अहो, डावा दोन इंच पुढे आलाय."

"मला तर सारखेच दिसतायत."

"दिसतंय त्यावर मी शिवायला लागले, तर गिऱ्हाइकं बाह्या गळ्यात घालून फिरतील. मागे घ्या."

त्याने स्पीकर मागे घेतला. मग त्याने एकसुरी 'सूं' असा आवाज लावला, आवाज मोजायचं मीटर आपल्या कानापाशी धरलं आणि ठरलेला आकडा येईपर्यंत स्पीकरांच्या मागची बटणं फिरवत राहिला. आकडा आला.

"आता नॉब इथेच. रोज याच आवाजावर काम करायचं," तो म्हणाला.

"आणि एखाद्या दिवशी मोठ्याने ऐकावंसं वाटलं तर?"

"रोज वेगळं ऐकलं, तर कान रोज वेगळा निकाल देतात."

हे तिला पटलं. तिने नखांना लावायचा लाल रंग आणला आणि नॉबच्या खुणेसमोर एक ठिपका दिला.

मित्रांनो, त्यानंतरची वर्षं मला स्वप्नासारखी आठवतात. दुपारचं ऊन कापडांवरून घसरत माझ्यापर्यंत यायचं. गोष्ट सांगणाऱ्या बाईंचा आवाज माझ्यातून वाहायचा, आणि त्यामागून होड्या जायच्या, हत्ती जायचे, एकदा तर अख्खा समुद्र गेला. मी कोणालाही अडवलं नाही. तो लाल ठिपक्यापाशी थांबून ऐकायचा, आणि शिवणयंत्रही तेवढ्यापुरता श्वास धरायचं.

मग नॉब ठिपक्याच्या पुढे जाऊ लागला. आधी केसभर, पुढच्या वर्षी नखभर, मग चांगला बोटभर. मला कळत होतं. पण सांगणार कसं? आवाजात आपलं काही मिसळायचं नाही, हेच तर माझं काम.

एके दिवशी गोष्टी काढणाऱ्या संस्थेच्या बाईंचा फोन आला.

"राग मानू नका, पण मुलं म्हणतात गोष्टीत साप शिरलाय. प्रत्येक 'स' फुसफुसतो, कानात टोचतो. या तिन्ही गोष्टी नीट करून द्या. नाहीतर पुढची मालिका मला दुसऱ्याकडे द्यावी लागेल."

तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. माझ्याऐवजी त्याने आरशात पाहायला हवं होतं, पण त्या खोलीतला आरसा गिऱ्हाइकांसाठी होता.

"याच्यात दम उरला नाही," तो म्हणाला. "'स'सारखे बारीक आवाज हा खातो, म्हणून मला ते वाढवावे लागतात."

नवा कंट्रोलर आला. माझी रवानगी फळीवर, बटणांच्या बरणीशेजारी झाली. खाली पुन्हा टेप निघाली, पुन्हा 'सूं' झालं. ठरलेला आकडा आला तसं मीटर तिने आपल्या हातात घेतलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

"छे! हाही मंदच. हल्ली काही धड बनवतच नाहीत."

"आकडा तोच आहे. पहिल्या दिवशीचा."

"मग मीटर बिघडलंय."

तिने मीटर खाली ठेवलं. "माझी गिऱ्हाइकं दरवर्षी जुना कपडा घेऊन येतात आणि कापड आटलं म्हणतात. पोट सुटलं असं आजवर एकानेही म्हटलेलं नाही. मी पण म्हणत नाही. गपचूप शिवण उसवून देते." तिने टेप गुंडाळली. "तुमची शिवण मला उसवता येणार नाही हो."

खोली कधी नव्हे इतकी शांत झाली. ती शांतता मात्र त्याला नीट ऐकू आली.

कानांच्या डॉक्टरांनी कागदावर त्याच्या ऐकण्याची एक रेघ काढून दिली. जाड आवाजांपाशी सरळ, बारीक आवाजांपाशी घसरगुंडी. कानाला यंत्र लावा आणि मोठ्याने ऐकणं बंद करा, असं त्यांनी सांगितलं. नवा कंट्रोलर परत गेला. परत करण्याचं कारण विचारणाऱ्या रकान्यात त्याने पुष्कळ विचार करून 'माझी चूक' असं लिहिलं. मला खाली उतरवून पुसलं, नॉब ठिपक्यावर आणला आणि आपल्या खुर्चीत तिला बसवलं. स्वतः तिच्या स्टुलावर बसला.

"'स' टोचला की सांग."

"टोचला."

त्याने तीक्ष्णपणा थोडा उतरवला. "आता?"

"अजून थोडा... हां, बस. आता बाई शेजारी बसून सांगतायत."

अशा तिन्ही गोष्टी झाल्या. शेवटच्या गोष्टीतलं रान आलं, तसा तो पुढे वाकला.

"मागे एक पक्षी ठेवला होता मी. आहे का?"

"आहे. दोन आहेत."

"दोन?" त्याने डोळे मिटले. "काय करतायत?"

"भांडतायत. त्याचं काही एक न ऐकता ती बोलतेय."

तो हसला, आणि तिने सांगितलेले पक्षी शेवटपर्यंत ऐकत राहिला.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंनी शेवटी 'आमची निगा राखा' असं सांगायची पद्धत आहे. माझ्यावरची धूळ फडक्यानेही निघते. तुम्ही कान जपा. आणि सगळं जग अचानक हळू बोलायला लागलंय असं वाटलं, तर जगाला बदलून आणण्याआधी घरातल्या माणसाला विचारा. त्याने खरं सांगितलं, तर उठून त्याला आपली खुर्ची द्या.