रोसांदाची बेगोनिया

"सावकाश, सावकाश," असं स्वतःलाच बजावत वितोमिरने बेगोनिया बुडाशी धरली आणि कुंडी उलटी केली. माती सुटेना. त्याने कुंडीच्या बुडावर दोन बुक्क्या हाणल्या, तशी माती भसकन बाहेर आली आणि टेबलावर अंथरलेल्या वर्तमानपत्रांवर काळं पाणी पसरलं. वास असा सुटला की नोव्हेंबरच्या थंडीत त्याला खिडकी उघडावी लागली.

त्या वासाची आणि त्याची जुनी ओळख होती. गावातल्या घरांना गरम पाणी पुरवणाऱ्या कारखान्यात त्याने अडतीस वर्षं फिटर म्हणून काढली होती, त्यातली निम्मी रस्त्याखालच्या पाइपांशेजारी गुडघे टेकून. साचलेलं पाणी कसं वास मारतं हे त्याला कुणी सांगायला नको होतं. त्याने कुंडी उजेडात धरली. बुडाचं भोक मुळांनी आणि चिखलाने गच्च बुजलेलं होतं.

"निचराच नाही," तो म्हणाला. "आणि मी आपला वरून ओततोय. गाढवा, अडतीस वर्षं काय केलंस?"

ऐकायला घरात कुणी नव्हतं. बायकोला, रोसांदाला, जाऊन एकोणीस दिवस झाले होते.

दवाखान्यात तिने एवढंच सांगितलं होतं, "वितो, बेगोनियाला विसरू नकोस. पाणी घालत जा." किती घालायचं, कितीदा घालायचं, ते तिने सांगितलं नाही आणि याने विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तिचं बोलणं बंद झालं, तिसऱ्या दिवशी ती गेली. वितोमिर हुकमाचा पक्का. रोज सकाळी सहाला लिटरभर पाणी. पानं मान टाकायला लागली तेव्हा त्याला वाटलं, तहान भागत नसणार. म्हणून संध्याकाळचं लिटर सुरू केलं. रोसांदा असती तर तिने पाण्याचा जग हिसकावून त्याच्याच डोक्यावर रिकामा केला असता.

बावीस वर्षं ती बेगोनिया स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. लांबट हिरवी पानं, त्यांवर चांदीचे ठिपके, मागून लालभडक. आता तीच पानं दोरीवरच्या ओल्या मोज्यांसारखी लोंबत होती. ती गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी, शनिवारी, कबरीवरून सगळी मंडळी जेवायला याच खोलीत येणार होती. रोसांदाचं झाड नवऱ्याच्या हातात महिनाभरसुद्धा टिकलं नाही, हे त्यांनी बघावं, ही कल्पनाच त्याला सोसवत नव्हती. पण खरं सांगायचं तर लोक हे निमित्त होतं. बायकोसाठी त्याला काहीच करता आलं नव्हतं; डॉक्टरांच्या दाराबाहेर टोपी हातात घेऊन उभा राहिला होता, बस. इथे निदान हात चालवता येत होते.

त्याने हात चालवले. रोसांदाच्या छोट्या कात्रीने कुजलेली मुळं छाटली. कुंडीला ड्रिलने तीन भोकं पाडली आणि मोरीत पाणी ओतून, घड्याळ लावून, निचरा तपासला. अंगणातली खडी धुऊन तळाशी घातली, वर वाळू मिसळलेली माती भरली. शेवटी खिडकीच्या काचेवर कागद चिकटवला: पाणी बंद. खाली सही केली, तारीख टाकली.

दहा दिवसांनी वरचं एक पान जरा ताठ झालं. त्याने लगेच ऑस्ट्रियात, लिंट्सला फोन लावला. मुलगी, यागोदा, तिथे एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करायची. तिने ते पान कसं दिसतंय ते दोनदा सांगायला लावलं.

मग पुन्हा सगळं उतरणीला लागलं. सोमवारी खोड बुडाशी मऊ लागलं. मंगळवारी सकाळी झाड खिडकीच्या फळीवर आडवं पडलेलं होतं. वितोमिरने काठी रोवली, काळी चिकटपट्टी गुंडाळली, पण पट्टी ओढताना खोडच हातात आलं. ते हातात धरून तो खुर्चीवर बसला आणि रडला. दवाखान्यात रडला नव्हता, दफनाच्या वेळी रडला नव्हता, ते सगळं तिथे मोकळं झालं.

"शेंडा तरी कडक आहे का, बाबा?" यागोदाने फोनवर विचारलं.

"काही कडक नाही. सगळा चिखल झालाय."

"मग स्तामेंकामावशीकडे जा. तिच्याकडे आईच्याच झाडाच्या फांदीची बेगोनिया आहे."

"कोण स्तामेंका?"

"बाबा, नाटकं करू नका."

स्तामेंका त्याच इमारतीत दोन मजले खाली राहायची. बारा वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याने, रादोयेने, घर गरम करणाऱ्या रेडिएटरमधून पाणी काढून त्यात गालिचे धुतले होते. शेजारी म्हणून कुणीही काणाडोळा केला असता. वितोमिरने कारखान्यात नाव कळवलं, आणि आख्खा जानेवारी त्या घराची ऊब बंद राहिली. तेव्हापासून जिन्यात गाठ पडली तरी मान हलवण्यापलीकडे काही नाही. रादोये वारला तेव्हा वितोमिर स्मशानात जाऊन सगळ्यांत मागे उभा राहिला होता.

"आपली बेगोनिया तिच्याकडे गेली कशी?"

"चोरून नेली तिने. आईच्या समोर. मागून आणलेली फांदी रुजत नाही, आणि आभार मानले की सुकते, एवढंही माहीत नाही तुम्हाला?"

"बायकांची खुळं."

"असू देत खुळं. पण मागायचं नाही, बाबा. एक शब्द काढायचा नाही. पेराच्या खाली कापायचं, खिशात टाकायचं आणि भलतंच काहीतरी बोलत बसायचं. घरी आणून पाण्याच्या ग्लासात ठेवायची."

"मी अडतीस वर्षांत कारखान्यातून एक वायसर घरी आणला नाही, यागोदा."

"ठाऊक आहे. आख्ख्या इमारतीला ठाऊक आहे."

बुधवारी सकाळी त्याने घोटून दाढी केली, काळा टाय बांधला, खिशातल्या चाकूला धार लावली आणि कॉफीचा पुडा घेतला. कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नसतं, मग चोरी करायला का असेना. दहाच्या सुमारास त्याने तिसऱ्या मजल्यावरची बेल दाबली.

स्तामेंकाने दार उघडलं. तिने आधी पुडा पाहिला, मग टाय, मग कोटाच्या खिशात गेलेला उजवा हात.

"या, मिस्त्री," ती म्हणाली. "बसा. ती नको, ती डुगडुगते. खिडकीजवळची घ्या."

खिडकीत बेगोनिया छताला टेकली होती. तेच चांदीचे ठिपके, तीच लाल पाठ, आणि वर गुलाबी फुलांचे घोस.  आपलं माणूस परक्याच्या घरात मजेत बसलेलं दिसावं, तसं वितोमिरला झालं.

"कॉफी टाकते," म्हणून स्तामेंकाने पाठ फिरवली.

तो चाकूवर हात ठेवून बसला. हात खिशातून निघेना. शेगडीवर फेस वर आला. स्तामेंकाने भांडं उचललं, भिंतीकडे बघत "पातळ झाली," म्हणाली, आणि सगळी कॉफी मोरीत ओतून नवं पाणी ठेवलं. तेही उकळलं. वितोमिर दगडासारखा तसाच.

"स्तामेंकाबाई," त्याने घसा खाकरला, "मला तुमच्याकडे एक—"

"गप्प बसा!" ती मागे न बघता ओरडली. "तोंडातून ब्र काढू नका. मला वळता येत नाही, कॉफी उतू जाईल."

"पण मला—"

"मिस्त्री, मी तिसऱ्यांदा पाणी ठेवतेय. वीज फुकट येत नाही, आणि माझे पाय दुखतात."

 मग ती शेगडीलाच सांगितल्यासारखं म्हणाली, "रोसांदाला अर्धं मिनिट पुरायचं. माझी गुलबाक्षी जिरेनियम तिने कधी उचलली ते मला ती घरी गेल्यावरच कळलं. दर गुरुवारी यायची. तुमची दुसरी पाळी असायची ना."

"मी सात वर्षं घरीच आहे."

"मग दातांच्या डॉक्टरकडे जाते म्हणून यायची."

वितोमिरला ते गुरुवार आठवले. तो तिला दारापर्यंत सोडायचा, दुखतंय का विचारायचा.

"सात वर्षं दर गुरुवारी," स्तामेंका म्हणाली. "बाईला दात तरी किती, असं नाही वाटलं तुम्हाला?"

"मला का नाही सांगितलं तिने?"

"म्हणायची, माझा माणूस सरळ आहे, त्याला उगाच वाकवू कशाला. आणि तुम्ही बसलाय त्याच खुर्चीवर बसून सगळं तुमचंच सांगायची. वितोने हे दुरुस्त केलं, वितोने ते दुरुस्त केलं. वीट यायचा मला."

त्याची मान खाली गेली. आयुष्यभर ज्या सरळपणाचा त्याला अभिमान होता, त्याच्यासाठी बायकोला बारा वर्षं मैत्रीण लपवावी लागली होती. त्याला लाज वाटली, आणि लाजेबरोबर निश्चयही झाला. त्याने चाकू उघडला, एक जोमदार फांदी निवडली, पेर बोटाने चाचपलं आणि त्याखाली पातं फिरवलं. कट् असा बारीक आवाज झाला.

स्तामेंकाचे खांदे सैल झाले. "झाली एकदाची," ती म्हणाली आणि कॉफी कपांत ओतायला लागली.

ती वळली तेव्हा फांदी त्याच्या कोटात, छातीशी गेली होती. कॉलरपाशी एक ठिपक्यांचं पान बाहेर डोकावत होतं. स्तामेंकाने ते पाहिलं आणि नजर खिडकीबाहेर नेली.

"यंदा बर्फ लवकर पडणार."

"पडणार," वितोमिर म्हणाला.

दोघांनी कॉफी घेतली. ती कडू झाली होती, पण त्याने गाळापर्यंत संपवली.

"शनिवारी किती वाजता?" तिने विचारलं.

"अकराला. कबरीपाशी."

"तिथे वाटायचा प्रसादाचा गहू मी शिजवते. तुला नाही जमायचा."

त्याचे ओठ हलले. महिनाभर त्याने खांद्यावर हात ठेवणाऱ्या प्रत्येकाचे आभार मानले होते, मनात काही नसताना. आज मनात होतं, तर तोंड उघडायची सोय नव्हती. स्तामेंकाने डोळे वटारले. त्याने ओठ मिटले, दोन्ही कप उचलले, मोरीत नीट विसळले, पुसून पालथे ठेवले आणि टोपी घेतली.

जिन्यात पोस्टाची बाई वरून खाली येत होती. डावा हात छातीवर दाबून, कठड्याला धरून एकेक पायरी चढणारा म्हातारा बघून ती घाबरली.

"मिस्त्री, छातीत दुखतंय का? बसा, बसा इथेच. कुणाला बोलावू का?"

"दुखत नाहीये," वितोमिर म्हणाला. "चोरीचा माल आहे."

आणि पान चुरगळू नये म्हणून पाठ ताठ ठेवून तो पुढची पायरी चढला.