शेजारीण क्वॉन आणि फाटकाची कडी

मित्रांनो, मी रुबार्बचा एक जुना गड्डा आहे. फेरो बेटांवरच्या एका लहानशा गावात, हानुस नावाच्या म्हाताऱ्याच्या घरामागे, दगडी भिंतीच्या आत माझा मुक्काम आहे. मला इथे लावणाऱ्या आजीबाईंना आता घरातले लोक फक्त फोटोत ओळखतात, यावरून माझ्या वयाचा अंदाज करा. माझे देठ लाल, जाडजूड आणि इतके आंबट, की खाणाऱ्याचा एक डोळा आपोआप मिटतो. गावातली पोरं हातात साखरेची वाटी घेऊनच माझ्याकडे येतात. पानं मात्र विषारी आहेत, ती कुणी खाऊ नका. एकदाच सांगतो, स्वतःची बदनामी पुन्हा पुन्हा करायची मला हौस नाही.

माझ्या कामाबद्दल काय सांगू! बर्फ वितळलं रे वितळलं, की मी जमिनीतून डोकं वर काढतो. मुरंबा माझा, लापशीवर घालायचं सार माझं, रविवारच्या भाजलेल्या मटणाबरोबरची आंबटगोड चटणी माझीच. कितीही तोडा, मी पुन्हा येतो. फुललो तरी मरत नाही. नखरे म्हणून नाहीत! आणि एवढं करूनही शेणाची पहिली टोपली कुणाला? तर शेजारणीला.

ही शेजारीण म्हणजे क्वॉन. कोथिंबिरीच्या घराण्यातली, पण उंची विचाराल तर माणसाच्या डोक्याएवढी. तिचे कोवळे दांडे सोलून साखरेबरोबर खातात. वास असा उग्र, की खाणाऱ्याच्या तोंडाला संध्याकाळपर्यंत येत राहतो. हानुस लग्न करून आला, तेव्हा त्याची बायको सुन्नेवा या क्वॉनला घेऊनच होडीतून उतरली. माहेरच्या फुग्लोय बेटावरून येताना वाटभर ओकून ओकून बिचारी अर्धमेली झाली होती, पण ओल्या गोणपाटात बांधलेली मुळी काही तिनं हातातून सोडली नाही.

"ही माझ्या वडिलांच्या परड्यातली," तिनं नवऱ्याला बजावलं. "उन्हाळ्यात मधला दांडा वर आला, की कळी उमलायच्या आत कापायचा. एकदा का फुलली, की मेलीच समज."

"बरं," हानुस म्हणाला. नवा नवरा दुसरं काय म्हणणार?

तेव्हापासून दर उन्हाळ्यात सुरी घेऊन ती यायची आणि दांडा कापायची. एक तुकडा सोलून हानुसच्या हातात द्यायची. तो खायचा, आणि तिची पाठ वळली की हळूच माझा एखादा देठ मोडून तोंडाची चव बदलायचा! त्याला क्वॉन मुळीच आवडत नव्हती. पण इतक्या वर्षांत हे त्यानं बायकोला कधी कळू दिलं नाही. मला मात्र पक्कं ठाऊक होतं, आणि खरं सांगतो, मनातून मला उकळ्या फुटायच्या.

मग सुन्नेवा गेली. पुढच्या उन्हाळ्यात हानुस एकटाच सुरी घेऊन आला. त्यानं दांडा कापला, सोलला, वाकडं तोंड करून सगळा खाल्ला. माझ्याकडे वळलासुद्धा नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, ही बया जगली पाहिजे.

गेल्या उन्हाळ्यात हानुसच्या खुब्याचं ऑपरेशन निघालं. राजधानीच्या इस्पितळात जाण्याआधी त्यानं शेजारच्या मार्यूनला फाटकाशी बोलावलं.

"पाणी घालू नकोस, पाऊस आहेच. रुबार्ब हवा तेवढा ने. फक्त क्वॉनचा मधला दांडा वर आला, की कापून टाक. आणि फाटकाची कडी लावत जा, तुझं ते ध्यान आत नको."

ते ध्यान म्हणजे मार्यूनचा मेंढा, स्वार्टूर. त्याची आई मेली म्हणून मार्यूननं त्याला स्वयंपाकघरात बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. आता चांगला शिंगं फुटलेला दांडगोबा झाला, तरी तिच्या मागे मागे फिरायचा.

"माझ्या बाळाला काही बोलायचं नाही हं, हानुस!" मार्यून म्हणाली.

हानुस गेला. दांडा वर आला. त्यावर गोल, टपोरी कळी धरली. मार्यून सुरी घेऊन आली, कळीकडे बघत राहिली आणि चक्क डोळे पुसायला लागली.

"एवढं सुंदर फूल येतंय आणि हा म्हणतो, काप! ह्या पुरुषांना मेलं फुलांचं काय कळतंय? सुन्नेवाची आठवण आहे ही. फुलू दे. घरी आला की बघून खूश होईल."

अगं बाई, ती मरेल ना! मी जिवाच्या आकांतानं पानं हलवली. ती म्हणाली, "वारा सुटला वाटतं," आणि माझेच देठ मोडायला बसली.

पुढे कळी रोज फुगत चालली. आज उमलेल की उद्या, या धास्तीनं मला खत गोड लागेना. क्वॉन मात्र मान ताठ करून उभी! मरणाच्या दारात असलेल्या झाडानं इतकं मिरवावं, हे तुम्हीच बघा.

अशात एके सकाळी मार्यूननं मुरंब्याचा घाट घातला. माझे इतके देठ मोडले, की दोन्ही हात भरून हनुवटीखालीही दाबून धरले. जाताना फाटक तिनं पायानं ढकललं, पण कडी लावणार कशानं? ती घरात शिरली आणि तिच्या मागे हिंडणारा स्वार्टूर आमच्या परड्यात शिरला.

आधी त्यानं माझं पान हुंगलं आणि नाक मुरडलं. मग क्वॉनकडे वळला. दांडा, कळी, पानं, सगळं कचाकचा खाऊन त्यानं तिला जमिनीबरोबर केलं. मार्यून धावत आली तेव्हा त्याच्या तोंडातून एवढंसं देठ लोंबत होतं.

"अरे मेल्या! काय केलंस हे? आता त्या माणसाला मी तोंड कसं दाखवू?" असं म्हणून ती मटकन खाली बसली. मग उठून तिनं त्या जागेवर मासळीचं एक मोठं टोपलं पालथं घातलं. म्हणजे जणू कुणाला दिसणारच नव्हतं!

हानुस कुबड्या टेकत परतला, तो घरात न जाता थेट परड्यात.

"हे टोपलं कसलं?"

मार्यूनला रडू फुटलं. "मी दांडा कापलाच नाही, हानुस. मला वाटलं, फूल बघून तुम्हाला बरं वाटेल. आणि मग माझ्या ह्या गाढवानं सगळं खाल्लं."

हानुसचा चेहरा पांढराफटक पडला. "उमलल्यावर खाल्लं, की आधी?"

"आधी. कळीच होती."

त्यानं कुबडीनं टोपलं उलटवलं. खाली, मातीलगत, कोवळे हिरवे कोंब आले होते. म्हातारा भिंतीवर बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मग त्यातलं पाणी राहिलं आणि हसू तेवढं गेलं.

"तुझ्या मेंढ्याला अक्कल आहे, मार्यून," तो नाक पुसत म्हणाला. "तुझ्यापेक्षा जास्त."

मित्रांनो, सगळं श्रेय मेंढ्याला गेलं. पण मार्यूनचे दोन्ही हात कुणामुळे भरले होते, हे कुणी विचारलं का? नाही.

पुढच्या वसंतात हानुसनं मला खणून दोन भाग करायला सांगितले. खणत होती मार्यून, आणि हा खुर्चीवर बसून हुकूम सोडत होता.

"हळू! म्हातारा आहे तो."

"तुम्हीही आहात. मी काही बोलतेय का?"

माझा अर्धा भाग तिच्या परड्यात गेला. मला कुणी तोडलं की मी आणखी तरुण होतो, त्यामुळे तक्रार नाही. काम झाल्यावर हानुसनं खिशातून सुन्नेवाची सुरी काढली आणि मार्यूनच्या हातात ठेवली.

"पुढे मी नसलो, तर दांडा तू कापायचा."

मार्यूननं मातीचे हात पुसून सुरी नीट धरली. मग म्हणाली, "कापीन. शपथ."

"आणि विसरलीस तर?"

"तर फाटक उघडं ठेवीन."

मित्रांनो, तुमच्याही परड्यात कुणाची तरी आठवण म्हणून एखादं झाड उभं असेल. ते कसं जगतं, हे वेळीच विचारून ठेवा. सांगणारी माणसं कायमची नसतात. माझं म्हणाल, तर माझ्याकडे लक्ष नाही दिलंत तरी मी उगवणारच आहे. पण शेणाची पहिली टोपली एखाद्या वर्षी माझ्याकडे वळवलीत, तर मी काही नको म्हणणार नाही.