मागे उभे राहणारे हात

कोण बोलतंय म्हणून आरशात बघू नका, तिथे तुम्हीच दिसाल. इकडे बघा. जिममधल्या बेंचच्या हुकांवर आडवा पडलाय ना, तो मी. रॉड. जन्मापासून मार खाल्लेला. भट्टीत तापवला, लाटला, कापला, टोकं खरवडली. त्यामुळे गोडगोड बोलणं आपल्याला जमत नाही.

२०१४ साली यतीन सरांनी मला डहाणू रोडला आणलं. रेल्वेतल्या क्लार्कचा मुलगा, नोकरी सोडून जिम काढतो म्हणून घरात रोज खडाजंगी. चिकूच्या वखारीशेजारचा गाळा, एक बेंच, थोडी डंबेल्स आणि मी. एवढ्यावर माणसं आली, कारण कुणीही माझ्याखाली झोपला की सर त्याच्या डोक्यामागे उभे राहायचे. दोन्ही हात माझ्याखाली, पण मला न लावता. "मी आहे मागे. मार," एवढंच म्हणायचे. माणूस थकला आणि मी त्याच्या गळ्याकडे उतरायला लागलो, की ते हात मला अलगद उचलून हुकांवर ठेवायचे. पोस्टातले चिमणभाई आयुष्यात पाण्याच्या बादलीपलीकडे काही न उचललेले, तेसुद्धा त्या हातांच्या भरवशावर वजनं मारायला लागले. मलाही ते हात फार आवडायचे, खोटं कशाला बोलू?

वखारीत क्रेट उचलणाऱ्या उमेशला सरांनीच शिकवून ट्रेनर केलं. पुढे तलासरीला शाखा काढली, तेव्हा ती त्याच्या हवाली केली आणि टेम्पोत घालून मलाही पाठवलं. उमेशही सरांसारखाच मागे उभा राहायचा. कुणी दोन दिवस दिसला नाही तर त्याच्या पाड्यावर चक्कर मारून यायचा. शाखा भरली.

यावर मालकाने खूश व्हायला हवं की नाही? पण सर रविवारी यायचे ते चुका काढायला. आरसा पुसलेला नाही, पंखा फुकट फिरतोय. सगळ्यांसमोर उमेशला झाप झाप झापायचे. एकदा कानाखालीही वाजवली. उमेश फडकं घेऊन आरसा पुसायला लागला. पोरं मात्र आतून पेटली होती.

२०१८ साली शाखेच्या वाढदिवसाला लाहू आणि इतर मेंबरांनी वर्गणी काढून हायवेच्या वळणावर फ्लेक्स लावला. त्यावर उमेशचा फोटो हा एवढा मोठा. सरांचा कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा. उमेशला याचा पत्ताही नव्हता. सरांनी गाडी थांबवून तो फ्लेक्स टराटरा फाडला आणि तसेच आत घुसले.

आत उमेश माझ्याखाली होता. मला दोन्हीकडून भरपूर वजन लावलेलं, मागे लाहू उभा. सरांनी लाहूला कॉलर धरून बाजूला भिरकावलं. उमेशची नजर हलली, हात लटपटले आणि मी थेट त्याच्या गळ्यावर आलो. त्याचे डोळे पांढरे झाले. आता मी याला मारणार, असं मला वाटलं आणि भीतीने पाणी पाणी झालं माझं.

तेवढ्यात सरांचे हात खाली आले. मला उचललं, हुकांवर ठेवलं. सगळ्यांनी श्वास सोडला. उमेश खोकत उठून बसला आणि म्हणाला, "सर, वाचवलंत."

सरांनी शेजारचं डंबेल उचललं आणि त्याच्या कोपरावर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. परत हाणलं. उमेशचं रक्त माझ्यावर उडालं. मग पोरं तुटून पडली. आरसे फुटले, सरांचं डोकं फुटलं, लाहूने काचेचा तुकडा उचलला. तो सरांच्या पोटात घुसणारच होता.

"सोडा त्यांना," जमिनीवर पडलेला उमेश म्हणाला.

ओरडला नाही हो, नुसता म्हणाला. सगळे हात तिथल्या तिथे थांबले. सर भिंतीला टेकून बघत राहिले. इतकी वर्षं ओरडून त्यांचं कुणी असं ऐकलं नव्हतं.

शाखा बंद पडली. केस अजून चालू आहे. उमेशचा हात सरळ होत नाही. बायको संगीता त्याला भात कालवून देते, असं कानावर आलं. मला परत डहाणू रोडला आणलं. आता २०१९ आहे. सरांनी नवी मशिनं घेतली, एसी लावला, फीसुद्धा उतरवली.

गेल्या आठवड्यात चिमणभाई बेंचवर झोपले. सर सवयीने मागे जाऊन उभे राहिले, हात माझ्याखाली धरले आणि म्हणाले, "मी आहे मागे. मार."

चिमणभाईंनी वर त्या हातांकडे पाहिलं. मग हळूच उठून बसले. "राहू दे सर," ते म्हणाले, "आज मी सायकलच मारतो."

जिम काढणाऱ्यांनो, मशिनं बाजारात मिळतात. माणूस मान उघडी टाकून तुमच्यापुढे झोपतो, तो मशिनासाठी झोपत नाही. एवढं समजून घ्या, माझी विनवणी आहे.

सर रोज मला तेल लावून पुसतात आणि रिकाम्या बेंचमागे उभे राहतात. फार वाईट वाटतं त्यांचं. कुणीतरी या, झोपा माझ्याखाली, असं म्हणावंसं वाटतं. पण तो हाडाचा आवाज मी ऐकलाय. "या" म्हणायला माझी जीभ रेटत नाही.