थेंबवालीचे दोन ग्लास

"मेलं! मेलं!" बेकरीच्या मागच्या खोलीत सगळ्या बायका एका सुरात ओरडल्या आणि मी कपाळावर हात मारला.

मैद्याच्या पोत्यांमध्ये टेबल मांडून तेल विकणारी थेंबवाली उभी होती. समोर दोन ग्लास, प्रत्येकामागे त्याच्या पाण्याचा थर्मास. दोन्ही ग्लासांत बेकरीतलंच यीस्ट, साखर आणि पाणी. डावा ग्लास फसफसून काठावर आलेला. उजव्यात तिने सुरुवातीलाच 'दिव्य तेला'चा एक थेंब सोडलेला, आणि तो गपगार.

"हात नका लावू हं, हाताचे जंतू जातील! बघा बायांनो, जे पाव फुगवतं तेच तुमच्या अंगात शिरलंय. म्हणून ती खाज, म्हणून ती आग. डॉक्टर नुसत्या गोळ्या देतात. निसर्ग एका थेंबात काम करतो!"

मी दवाखान्यात नर्स आहे. इथे आले होते माझ्या मोठ्या जावेसाठी. ती इथेच मैदा मळते. कित्येक महिने तिला आतल्या जागी खाज होती, अंगावरून पांढरं जात होतं. थेंबवालीचं तेल लावून कातडी भाजून निघाली, तरी बाई लावतच होती. डॉक्टरीणबाईंकडे चला म्हटलं की एकच उत्तर, "असलं दाखवायचं कसं गं? तेलाला निदान काही दाखवावं लागत नाही." मला थेंबवालीची चीड येत होती आणि जावेचीही.

"अहो, पाव फुगवतं ते यीस्ट वेगळं," मी म्हणाले. "खाज आणतं ते वेगळ्या जातीचं. ते मुळातच आपल्या अंगावर असतं, कधीतरी जास्त वाढतं. मैदा मळून नाही होत."

"शिकलेल्यांना डोळ्यांसमोरचंही दिसत नाही," थेंबवाली गोड हसली. बायका फिदीफिदी हसल्या. जाऊसुद्धा!

माझं डोकंच फिरलं. ह्याच बायका रोज यीस्ट घालण्याआधी पाण्यात बोट बुडवून बघतात. पाणी कढत असलं तर यीस्ट मरतं, पाव दगड होतो. कामात एकीचीही चूक होत नाही. आणि इथे अक्कल गहाण टाकून टाळ्या! मी उजवा थर्मास उचलला आणि वाडग्यात पाणी ओतलं.

"ताई, रोजच्यासारखं बोट घालून बघा."

"अहो, नको! पाण्याचा गुण जाईल!" थेंबवाली धावली, पण जावेचं बोट आत गेलं होतं.

"आई गं!" तिने हात झटकला. "हे तर कढत आहे! ह्यात कुठलं यीस्ट जगेल?"

दुसऱ्या थर्मासातलं पाणी कोमट निघालं. त्यात मी यीस्ट, साखर आणि तेच दिव्य तेल घातलं, एक थेंब. थोड्या वेळाने तोही ग्लास मजेत फसफसला.

"थेंब कमी पडला असेल," थेंबवाली पुटपुटली.

"मग अख्खी बाटली ओता. मरेलही! काही तेलं प्रयोगशाळेतल्या काचेत यीस्ट मारतात, त्यावर अभ्यासही चालू आहे. पण काचेत फिनाईलनेही मरतं. म्हणून काय फिनाईल लावायचं?"

"श्रद्धा नाही तिथे गुण नाही," म्हणत तिने गाशा गुंडाळला. आणि काय सांगू, दोघीजणी तिच्या मागे धावल्या. "आम्हाला तरी फरक पडला बाई," म्हणत बाटल्या घेऊन आल्या. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

जाऊ मात्र माझ्याबरोबर आली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, औषध दिलं. हे इतके महिने का जात नाही म्हणून रक्तातली साखर बघितली. मधुमेह निघाला, चांगलाच वाढलेला. साखर वाढली की अंगावरचं यीस्टही फोफावतं.

"मग इतके महिने मी काय लावत बसले गं?" जाऊ रडायला लागली. मला तिला जवळ घ्यावंसंही वाटेना, इतका राग आला होता. मग घेतलं.

बायांनो, तेलाचा वास चांगला असेल तर खुशाल हुंगा. पण खाज, आग, पांढरं जाणं असलं काही झालं तर तपासून घ्या. कुणी चमत्कार दाखवला तर दोन्हीकडे सगळं सारखं आहे का, एवढं तरी विचारा. लाज वाटत असेल तर मी सोबत आत येते, हात धरून बसते. तसं मी बेकरीत जाऊन सांगितलंय. त्या दोघी अजून आलेल्या नाहीत.