तणसाची काठी

मुख्य कार्यालयाचं तिसरं पत्र वाचलं आणि मी ते टेबलावर आपटलं. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याचं काय ते विमान आल्यानंतर पाहू, असं त्यात होतं. म्हणजे आधी माणूस भाजू दे, मग पाहू! सौंदडच्या पलीकडे आमची लहानशी धावपट्टी आहे आणि तिथल्या अग्निशमन केंद्राची मी प्रमुख. सोमवारी हायड्रोजनवर उडणारं पहिलं चाचणी विमान उतरणार होतं. हायड्रोजनची आग भर उन्हात डोळ्यांना दिसत नाही. धूर नाही, रंग नाही. माझ्याकडे सहा माणसं. ती सहाही धड घरी परत गेली पाहिजेत, एवढंच माझं मागणं होतं.

कॅमेरा नाही तर पुस्तकातला जुना उपाय. काठीला झाडू बांधायचा, पुढे धरून चालायचं. झाडू पेटला की समजायचं, आग तिथे. विमान कंपनीच्या इंजिनिअरांनी सरावासाठी एका नळीच्या तोंडाशी हायड्रोजन पेटवून दिला. सगळ्यात पुढे चैतरामभाऊ. सालेकशाच्या जंगलात पंधरा वर्षं वणवे विझवलेला माणूस, कोसभरावरचा धूर ओळखणारा.

"आग कुठी हाय मॅडम? मले त काहीच दिसून नाई राहिलं."

"म्हणूनच झाडू पुढे धरा."

ते निघाले. नळीजवळ पोचताच त्यांनी झाडू उचलून खांद्यावर घेतला, डाव्या हातातला मोजा काढला आणि जंगलात आच पाहतात तसा उघडा हात पुढे केला. मी ओरडले, पण तोवर बोटं ज्योतीत गेली होती.

गॅस बंद झाला. त्यांचा हात पाण्याच्या बादलीत धरून मी विचारलं, "झाडू का उचललात?"

"लक्ष्मी हाय ते. दिवाळीले पूजतो आमी. आगीत कायले घालू?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली, आणि मग ती माझ्यावरच उलटली. झाडूला पाय लागला तर माझी आईसुद्धा मला नमस्कार करायला लावते. तरी तो ज्यांच्या हातात दिला त्यांना मी एका शब्दाने विचारलं नव्हतं. मग वरच्यांच्या नावाने बोटं मोडायचा मला काय हक्क?

दुसऱ्या दिवशी चैतरामभाऊ हाताला पट्टी बांधून हजर. घरी जा म्हटलं तर ऐकेनात. सोबत सहा बांबू आणि प्रत्येकाच्या टोकाला धानाच्या तणसाची, म्हणजे वाळलेल्या काडाची, पेंढी.

"हे जाळाले काई हरकत नाई," ते म्हणाले.

त्या दिवशी सराव झाला. पेंढी भपकन पेटायची आणि सगळे जागच्या जागी थांबायचे.

शनिवारी मुख्य कार्यालयातून तपासणी अधिकारी आले. तणस दिसताच त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"अग्निशमन केंद्रात वाळलेलं तणस? आत्ताच्या आत्ता हटवा!" तसा शेराही त्यांनी लिहून टाकला.

वाद घालायची माझी ताकद संपली होती. मी इंजिनिअरांना नळी पेटवायला सांगितली.

"हटवते, साहेब. आधी इथे आग कुठे आहे तेवढं दाखवा. दहा पावलांच्या आतच आहे."

ते हसले. दोन पावलं टाकली आणि थबकले. समोर नुसतं ऊन होतं. आता त्यांना पुढेही जाववेना आणि मागेही येववेना.

"ती काठी द्या," शेवटी ते हळूच म्हणाले.

चैतरामभाऊंनी पट्टी बांधलेल्या हाताने ती पुढे केली.